आज कोणाला आलं नाही?

मंदाताई,

काल तुझी शोकसभा झाली. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मी मात्र तुझं एका शब्दानं कौतुक केलं नाही. उलट असं काही बोलले की समोरच्यांनी माझ्याकडे बघायचं सोडलं आणि मोबाइल काढले. एव्हाना ते तुझ्या घरी पोचलंही असेल. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहायला बसले आहे. खरं तर तू असतानाच कळायला हवं होतं, आणि माझ्याचकडून.

तू पहिल्यांदा माझ्या वर्गात आलीस तेव्हा मी तुला तपासणीस समजले होते. आपल्या या हिंदी मुलखात, मुरारच्या पुढच्या पट्ट्यातल्या चौदा सरकारी प्राथमिक शाळा तुझ्याकडे होत्या. त्यांत फिरायचं, वर्गात बसायचं आणि शिकवणाऱ्यांना शिकवण्यात मदत करायची, हे तुझं काम. कागदावर त्याला जनशिक्षक म्हणतात. पण आमच्याकडे बाहेरून कोणी वही घेऊन आलं की त्याचा एकच अर्थ आम्हाला ठाऊक होता. माझा तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. मी हुशार मुलं पुढे बसवली, फळा धुऊन घेतला, तुझ्यासाठी खुर्ची मांडली. तू चपला दारात काढल्यास आणि खुर्चीकडे न बघता थेट मागे जाऊन तागाच्या टाटपट्टीवर पोरांच्या ओळीत बसलीस. तेव्हाही तुझे गुडघे दुखत होते. बसताना तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. मग तासभर तू माझ्याकडे नजरही टाकली नाहीस. शेजारच्या पोरीच्या वहीत डोकावत होतीस आणि आपल्या वहीत पेन्सिलीनं काहीतरी टिपत होतीस.

पोरं ताटल्या घेऊन जेवणाच्या ओळीत लागली तेव्हा नळापाशी तू मला मराठीत विचारलंस, पोरांना कळू नये म्हणून, "आज कोणाला आलं नाही?"

मी म्हटलं, "सगळ्यांना आलं."

"मग माझं इथे काय काम? मी जाते," म्हणालीस, आणि खरंच स्कूटी काढून निघून गेलीस.

मी दोन दिवस धुमसत होते. आडनावावरून तू आपल्यातली, मराठी आहेस हे माहीत पडल्यावर मी हौसेनं तुझ्यासाठी पोह्यांचा डबाही आणला होता. तो मी एकटीनं संपवला आणि घरी जाऊन तुझ्या नावानं खडे फोडले. पुढच्या खेपेला तू पुन्हा मागेच बसलीस, पुन्हा तेच विचारलंस. मी नाइलाजानं एक नाव पुटपुटले. तू वही उघडून माझ्यापुढे धरलीस. त्यात तेच नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: 'फळ्यावरचं उतरवतो, पण शेजारणीच्या वहीतून.' माझं नाव, माझं शिकवणं, माझा आवाज, याबद्दल त्या पानावर अक्षर नव्हतं. फक्त पोरांची नावं आणि त्यांच्यापुढे त्यांनी काय केलं ते. "बस, इथून सुरू करू," तू म्हणालीस. त्या दिवशी तू पोहे खाल्लेस, आणि मीठ कमी आहे असंही सांगितलंस.

मी बी.एड. केलं, किती प्रशिक्षणं केली, त्यांची प्रमाणपत्रं कपाटात पडली आहेत. पण शिकवायला मी तुझ्याकडून शिकले, तेही वयाच्या पंचेचाळिशीनंतर. तू कधी भाषण दिलं नाहीस. एका वेळी एकच गोष्ट सांगायचीस, आणि महिनाभर ती एवढीच करायला लावायचीस. एक महिना तर तू मला फक्त गप्प बसायला शिकवलंस. "वसू, प्रश्न विचारतेस आणि लगेच उत्तरही तूच देऊन टाकतेस. मनात दहा मोज, मग बोल." मी दहा मोजायला लागले आणि सातव्या-आठव्या आकड्याला मागून एखादा हात वर यायला लागला. मी तोवर त्या मुलांना मुकी समजत होते.

आणि ते बोट. पोरं घडाघडा धडा वाचत होती, मी खुशीत तुझ्याकडे बघत होते. तू एकीच्या पुस्तकावर, ओळीच्या बरोबर मध्ये, एका शब्दाखाली बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "यह पढ़ो." पोरगी ओळीच्या सुरुवातीपासून म्हणायला लागली. तू पुन्हा बोट ठेवलंस. ती पुन्हा सुरुवातीला गेली. पोरं वाचत नव्हती, धडा पाठ म्हणत होती, आणि वर्षभर मी त्यालाच वाचन समजत होते. "सगळ्यांचंच असं होतं," तू फाटकाबाहेर म्हणालीस. शाळेत आपण हिंदीत 'आप-आप' करायचो, फाटक ओलांडलं की मराठी आणि अगं-तुगं. "आपल्या इथे वर्ग एका सुरात बोलला की आपल्याला वाटतं आलं सगळ्यांना. त्या सुरात जी लपतात त्यांच्यासाठी मी मागे बसते."

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. त्याची गोडी होती असं आता म्हणता येईल, पण तेव्हा मी खरंच चिडायचे. मी म्हणायचे, तू महिन्यातून एकदा येणार, मागे बसणार, प्रश्न विचारून निघून जाणार. इथे एका खोलीत दोन इयत्ता, वर मतदार याद्यांचं काम, वर रोज मोबाइलवर भरायची माहिती, आणि पोरं अर्धा महिना आईबरोबर मजुरीला बाहेरगावी. त्यात तुझ्या एका प्रश्नानं काय होणार? तू सगळं ऐकून घ्यायचीस. "एकूण एक खरं आहे तुझं," म्हणायचीस. मग थोड्या वेळानं, "तरी वाचता न येणारी ती पाच मागे बसलीच आहेत ना?" मी म्हणायचे, हे उत्तर झालं नाही. तू म्हणायचीस, नाहीच झालं. आणि पुढच्या महिन्यात आपण तिथूनच पुन्हा सुरू करायचो. अजूनही मला वाटतं की अर्धी बाजू माझी बरोबर होती. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे, पण ते मी स्वतःच्या तोंडून म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यातली ती दुपार. दर्पण कॉलनीत तुझ्या स्वयंपाकघरात आपण मटार सोलत होतो. तू मध्येच, भाजीचं काही सांगावं तशा आवाजात सांगितलंस की वरून आदेश येणार आहे. बाहेरची माणसं येऊन पोरांचं वाचन तपासणार. ज्या भागातलं वाचन सुधारलेलं दिसणार नाही तिथली वर्गभेटींची पद्धत बंद, शिक्षकांचं प्रशिक्षण मोबाइलवर, आणि तू परत एखाद्या शाळेत. "किंवा घरी," तू म्हणालीस, "दोनच वर्षं राहिली आहेत माझी."

मी विचारलं, "मग करायचं काय?"

"काय करायचं? जे खरं असेल ते येऊ दे." आणि माझ्यापुढच्या ताटलीकडे बघून, "तू तर सोलतेस कमी आणि खातेस जास्ती."

तू हसलीस, पण तुझ्या हातातली शेंग बराच वेळ तशीच होती. ते मी पाहिलं. त्यानंतर मी जे केलं ते त्या शेंगेपायी केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

आता सांगते. तपासायला येणाऱ्यांकडे वाचनाचे उतारे तेच ते तीन-चार असतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. नुसते पाठ करून घ्यायचे तर कोणीही करून घेतं. पण मी तुझ्याकडून शिकलेली होते, मला बोटाचं माहीत होतं. म्हणून मी मागच्या पाच जणांना रोज जेवणानंतर वेगळं बसवलं आणि उताऱ्यातला शब्दन् शब्द जागेनिशी घोटून घेतला. दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द कोणता, शेवटच्या ओळीत चित्राखाली कोणता. कुठेही बोट ठेवा, पोरं धडाधड सांगायची. लबाडी पकडायची जी युक्ती तू मला शिकवलीस, तिच्यावरच मी तोड काढली. महिनाभर मी त्या पाचांना जितका वेळ दिला तितका आजवर कधी दिला नव्हता. तेवढ्या वेळात त्यांतली दोघं-तिघं खरोखर वाचायला लागली असती. हा हिशेब मला झोपू देत नाही.

रजनी त्यांत सगळ्यांत तरबेज निघाली. नऊ वर्षांची, बारीक, तेल लावून घट्ट दोन वेण्या. तिची स्मरणशक्ती अशी की एकदा सांगितलं की झालं. तिला वाटलं, वाचन म्हणजे हेच, आणि ते आपल्याला आलं. तपासणीच्या दिवशी ती सगळ्यांत आधी उठून उभी राहिली.

पाचही जण पास झाले. चौदा शाळांत माझा वर्ग पहिला. तुझं काम राहिलं.

निकाल कळला त्या संध्याकाळी तू माधवगंजला माझ्या घरी आलीस, हातात तिळाच्या गजकचा डबा घेऊन. दारातच विचारलंस, "वसू, पाचही?"

"हो," मी म्हटलं.

तू खुर्चीवर बसलीस आणि तुझ्या डोळ्यांना पाणी आलं. "मला वाटायला लागलं होतं की इतकी वर्षं सगळं बेकारच गेलं," तू म्हणालीस. "कोणाला सांगू नकोस हं मी असं म्हटलेलं." कौतुकाच्या बाबतीत तू इतकी चिक्कू, की बारा वर्षांत मला 'बरं आहे'च्या वर काही मिळालं नव्हतं. त्या दिवशी तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मी गजक खाल्ली. चव आठवत नाही.

मग तू दुसऱ्या शाळांतल्या बायकांना माझा वर्ग बघायला पाठवू लागलीस. त्या यायच्या, टिपणं घ्यायच्या, जाताना माझे आभार मानायच्या. मी त्यांना तुझी पद्धत समजावून सांगायचे, आणि सांगायचे ते सगळं खरं होतं. मधे शाळेला सुट्टी लागली. आपण इतक्यांदा भेटलो, बाड्यावर खरेदीला गेलो, सराफ्यात तुझ्या लेकीसाठी कानातलं बघत उभ्या राहिलो. प्रत्येक वेळी मी ठरवून निघायचे की आज सांगायचं. प्रत्येक वेळी तू इतकी खूश असायचीस.

शाळा उघडल्यावर तू आलीस. रजनी पाचवीत गेली होती, तुला तिला भेटायचं होतं, म्हणून मी तिला माझ्या वर्गात बोलावून घेतलं. नेहमीसारखी मागे बसलीस, या खेपेला भिंतीचा आधार घेऊन. तिचं नवं पुस्तक तू आपल्या मांडीवर घेतलंस, पान उघडलंस आणि मध्येच एका शब्दाखाली बोट ठेवलंस. मी फळ्यापाशी उभी होते. हातातला खडू खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. रजनीनं बोटाकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या विश्वासानं एक शब्द सांगितला. तो त्या पानावर नव्हता. तपासणीच्या उताऱ्यातला, दुसऱ्या ओळीतला तिसरा होता.

तू बोट उचललंस. "आवाज बहुत अच्छा है तेरा," तिला म्हणालीस. मग बराच वेळ पुस्तकातली चित्रं बघत बसलीस.

नळापाशी मी तुझ्या प्रश्नाची वाट बघत होते. तू विचारला असतास तर मी सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. पण तू विचारलं नाहीस. बारा वर्षांत पहिल्यांदा. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस. मी म्हटलं, "ताई, पोहे आणलेत."

"आज नको गं. उशीर झालाय," म्हणालीस.

एवढंच आपलं शेवटचं बोलणं. अकरा दिवसांनी तुझ्या लेकीचा फोन आला, भल्या सकाळी, पूजेची फुलं तोडता तोडता तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस.

मला तुझा रागही येतो, मंदाताई. तू ओरडायला हवं होतंस. वही माझ्या तोंडावर फेकायला हवी होतीस. तू पोरांना चुकू द्यायचीस, मलाही चुकू द्यायचीस, पण चूक झाल्यावर तू समोर बसायचीस. या वेळी उठून निघून गेलीस. पहिल्या दिवशीसारखी.

तेराव्याला लेकीनं तुझ्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "मावशी, ये सब आईच्या शाळेच्या आहेत. मला तर काही समझ में नहीं आता, तुम्ही बघून घ्या ना." मी त्या सगळ्या घरी आणल्या आणि शेवटची वही उघडली. शेवटची नोंद माझ्या वर्गाची. तारीख, शाळा, आणि खाली 'रजनी'. पुढे काही नाही. तुझ्या एवढ्या वह्यांत मी दुसरं असं नाव शोधलं ज्याच्यापुढे तू काहीच लिहिलं नाहीस. सापडलं नाही. तू काय समजलीस? पोरगी घाबरली असेल, असं? की सगळं समजलीस आणि ते लिहिलंस तर माझं नाव लिहावं लागेल म्हणून थांबलीस? तुला दुःख देऊन मी तुला पाठवलं का, एवढंच मला विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर मिळणार नाही.

त्याच आठवड्यात रजनीची आई शाळेत आली. तिच्या हातात लग्नाची पत्रिका होती. "मैडम, ये तो कहती है मुझे पढ़ना आता है. घर में सबके सामने कार्ड दिया, एक नाम नहीं पढ़ पाई. सब हँसे, तब से बोल नहीं रही." रजनी आईच्या मागे उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला महिनाभर घोटून हे दिलं होतं.

म्हणून काल. प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात साठेक शिक्षक होते, तुझा हार घातलेला फोटो होता, ज्यात तू नाखूश दिसतेस. आमच्या खात्याचे साहेब बोलले की मंदा मॅडमच्या स्मरणार्थ एक पुस्तिका काढायची, त्यात वसुधा मॅडमच्या वर्गाची यशोगाथा, आणि तीच पुढे सगळ्या प्रशिक्षणांत वापरायची. मग मला बोलवलं. मी टिपण करून नेलं होतं. ते पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, मंदा मॅडम आम्हाला प्रत्येक वेळी विचारायच्या की आज कोणाला आलं नाही. मी त्यांना उत्तर देणं लागते. आणि मी पाच नावं सांगितली. रजनीचं पहिलं. मग मी काय केलं ते सांगितलं, बोटासकट. मंदा मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. एवढं एकच मी खात्री नसताना बोलले.

साहेब उठून माझ्याजवळ आले आणि माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मैडम, आज श्रद्धांजलि का कार्यक्रम है. ये बातें बाद में कर लेंगे." मी खाली येऊन बसले. माझ्या शेजारच्या दोघींनी पाय आखडून घेतले. पुढचे वक्ते तुझ्या त्यागाबद्दल बोलले. माझी चौकशी होईल, व्हायला हवी. भीती मला त्याची नाही. भीती ही आहे की मी सांगितल्यामुळे आता म्हणतील, बघा, त्या भेटींनी काहीच होत नव्हतं, आणि तुझं उरलंसुरलं कामही गुंडाळतील. तसं झालं तर तुझं बारा वर्षांचं काम माझ्या हातून दोनदा बुडालं. एकदा खोटं करून, एकदा खरं बोलून.

सभा संपल्यावर लोक समोशांच्या टेबलाकडे गेले. मी चपला शोधत होते. एक तरुण मुलगी, मागच्या वर्षीच नोकरीला लागलेली, माझा वर्ग बघायला एकदा येऊन गेलेली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आजूबाजूला बघून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मैडम, मेरी क्लास में सात हैं."

मंदाताई, बारा वर्षं तू हा प्रश्न विचारत फिरलीस. न विचारता कोणी उत्तर दिलेलं तू ऐकलं होतंस का गं? मी तरी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तू नव्हतीस. मला रडू आलं ते तिथे, तुझ्या फोटोपुढे नाही.

मी तिला म्हटलं, सोमवारी अर्धी रजा काढून दुपारच्या वर्गाला मी येते. त्याआधी सकाळी रजनी आणि मी लग्नाची पत्रिका घेऊन बसणार आहोत, एकेक अक्षर, पहिल्यापासून. ती बसली तर.

"आ जाइए," ती म्हणाली. मग जरा संकोचून, "पर मैडम, कुर्सी एक ही है."

मी म्हटलं, "मला मागे बसायचं आहे." घाईत मराठीतच बोलून गेले, पण तिला कळलं.